धरणाकाठची झोप

माझ्या धाकट्या बहिणीनं बाबांशी कट्टी घेतली होती असं म्हणता येणार नाही, कारण कट्टी घ्यायला आधी गट्टी असावी लागते. ती तान्ही असताना बाबा धुळ्याकडचं गाव सोडून सिल्वासाला कारखान्यात लागले. आई, मी आणि ती अशा आम्ही तिघी त्यांच्याकडे सिल्वासाजवळच्या अथाल गावी भाड्याच्या खोलीत आलो, तेव्हा ती चुरूचुरू बोलणारी पाच वर्षांची पोर झाली होती. मधल्या काळात बाबा सणाला घरी यायचे आणि तिची भीड चेपेपर्यंत परत निघायचे.

अथालला आल्यावरही फार फरक पडला नाही. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात बाबांची बहुतेक रात्रपाळीच असायची. सकाळी आले की ते कोपऱ्यात तोंडावर चादर ओढून झोपत आणि त्याच एका खोलीत आम्ही तिघी पाय न वाजवता वावरत असू. भांडं जरा आपटलं की आई ओठांवर बोट ठेवायची. "हळू. बाबा झोपेल शेतस." बाबा झोपलेत. घरात आमची अहिराणी चालायची, आणि या खोलीत बहिणीच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडलेलं वाक्य हेच असेल.

स्वतः ती मात्र हक्क सांगण्यात कुणाला ऐकायची नाही. माझी ताटली, माझी गोधडी, माझा डबा, हे ती तिच्या भाषेत 'मनी ताटली, मनी गोधडी, मना डबा' असं दिवसभर जाहीर करत असे. शेजाऱ्यांचा कोंबडासुद्धा 'मना कोंबडा' होता. बाबा तेवढे 'ते' होते. 'ते उठले', 'ते गेले'. बाबांनी हात पुढे केला की ही माझ्या फ्रॉकमागे लपे. बाबा हसून हात मागे घ्यायचे, पण त्यांचा पडलेला चेहरा मला दिसायचा. ही पोर एकदा आपल्याजवळ यावी, यापलीकडे त्या माणसाला त्या वर्षी काही नको होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आईनं डोकं चालवलं. खानवेलच्या पुढे नव्या धरणाचं पाणी डोंगरांत शिरून मोठं तळं झालं होतं. बाबा एकदा कारखान्यातल्या मित्रांबरोबर तिथे जाऊन आले होते. पोरींना ते दाखवू, एक रात्र काठावरच राहू, असा तिनं बाबांच्या मागे धोशा लावला, त्यांना सुट्टी मंजूर करून घ्यायला लावली आणि ऐन वेळी तिचा गुडघा दुखायला लागला. आदल्या संध्याकाळी त्याच गुडघ्यानं तिनं पाण्याच्या कळशा भरून आणल्या होत्या. तिची ती चाल आठवली की आजही मी तिला मनातल्या मनात हात जोडते.

बाबांनी तयारीत कसर ठेवली नाही. कारखान्यात प्लास्टिकचे दाणे ज्या गोण्यांतून येत, त्या रिकाम्या गोण्या त्यांनी धुऊन वाळवल्या, दाभणानं शिवल्या आणि जुन्या साडीच्या काठाचे पट्टे लावून पाठीवर अडकवायच्या पिशव्या केल्या. बहिणीची पिशवी तर इतकी लहान की तिच्यात एक स्वेटर आणि खाऊ एवढंच मावत होतं. तिनं ती उलटसुलट पाहिली आणि 'मनी पिशवी' म्हणून ताब्यात घेतली. शिवणाऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

रात्रपाळी करून बाबा सकाळी आले, अंघोळ आणि चहा उरकला आणि पाठीवर पातेलं, डाळ-तांदूळ, घोंगड्या घेऊन निघाले. जीपनं खानवेलच्या पुढे सोडल्यावर पायवाट होती, सागाच्या झाडांमधून चढत जाणारी. पहिल्याच चढावर बहीण फतकल मारून बसली. बाबांनी पाठीवरचं ओझं उतरवलं, वाकून तिच्यापुढे पाठ केली आणि ये म्हणाले. तिनं मान हलवली. मला असा संताप आला की तिला एक धपाटाच घालणार होते, पण बाबांनी मला अडवलं. तिच्या मनानं येऊ दे, पाणी काही पळून जात नाही, असं म्हणून तेही दमल्याचं सोंग करून तिच्यापासून चार हात दूर बसले. ती उठली की उठायचे, ती बसली की बसायचे. रात्रभर मशीनपाशी उभा राहिलेला माणूस तिच्या पावलांच्या मापानं तो अख्खा डोंगर चढला. त्यांच्या तोंडून एकदाही 'चला लवकर' आलं नाही. इतका धीर मी पुढे आयुष्यात फार कमी माणसांत पाहिला.

तळं दिसलं तेव्हा ऊन उतरत होतं. चहूकडे डोंगर आणि मधे ते गप्प, गार पाणी. बाबांनी तीन दगडांची चूल मांडली आणि खिचडी केली. ती खाली लागली होती, तरी आम्ही पातेलं पुसून खाल्लं. जेवताना ते मला सांगत होते, पण सगळं तिला ऐकू जाईल असं, की उद्या समोरच्या डोंगरामागून सूर्य वर आला की सगळं पाणी तांबडं होतं, ते तुम्हाला दाखवतो. तिनं घास चावणं थांबवून ऐकलं, आणि झोपायला माझ्या पलीकडच्या कुशीला गेली. बाबा शेकोटीशी राखण करत बसले. जागण्याची त्यांना सवयच होती.

थंडीनं मला जाग आली तेव्हा पाण्यावरून धुकं निघत होतं. डोंगरामागून सूर्य वर आला आणि पाणी खरंच तांबडं झालं. आणि ते दाखवणारे बाबा झाडाला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होते. पाळी सुटायची वेळ झाली होती ना! शरीराला डोंगर काय आणि कारखाना काय. त्यांना उठवायला मी पुढे झाले, तेवढ्यात कुणीतरी माझा फ्रॉक मागून ओढला. बहीण होती.

त्याच वेळी वरच्या वाटेनं पाड्यावरच्या बाया मोठमोठ्यानं बोलत, हसत पाण्याकडे उतरत होत्या. बहीण अनवाणीच धावली, त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली,

"हळू. मना बाबा झोपेल शेतस."

त्या बायांना अहिराणी कुठली यायला, पण बोट सगळ्यांना कळतं. एकीनं तोंडावर पदर धरला, आणि साऱ्या जणी हळूहळू पावलं टाकत पुढे गेल्या. बहीण परत आली, बाबांच्या गुडघ्याला चिकटून बसली आणि त्यांच्या तोंडावरची माशी हाकलू लागली. मी पाहत होते. बाबांचं घोरणं थांबलं होतं. त्यांनी डोळे न उघडता घोंगडी हळूच तोंडावर ओढून घेतली, घरी चादर ओढायचे तशी. ऊन चांगलं वर येईपर्यंत ते उठले नाहीत, आणि तीही जागची हलली नाही. मला रडू आलं, म्हणून मी पातेलं घासायला पाण्याकडे गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही खोलीच्या दारात पोचलो. आई लगबगीनं बाहेर आली. गुडघा बरा झालेला दिसत होता. सूर्य पाहिला का, असं तिनं विचारलं. बाबा म्हणाले की नाही, मला फार छान झोप लागली होती. मग तिला त्यांच्या पाठीवर गळ्यात हात टाकून झोपलेली बहीण दिसली. आई काही बोलणार, तोच बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.