डोंगरावरचं आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांचे खांदे गरम पाण्यानं धुवायचे, हळद कालवलेलं लोणी त्यांवर चोळायचं आणि जोडीसमोर उभं राहून म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ आमच्या घरी हे दरवर्षी दावणीपाशी पाच मिनिटांत उरकायचं. त्या दुष्काळी साली मात्र दावण रिकामी होती. दोन्ही बैल डोंगरावरच्या चारा छावणीत होते, आणि आवतण गेलंच पाहिजे म्हणून आई हटून बसली होती.

“बैल काय नाही म्हणणार आहेत का?” मी म्हणाले. “गळ्यात दावं असलेला पाहुणा बोलावला काय, न बोलावला काय!”

“तुला कुनी बिनबोलावता पंगतीला बसवलं तर बसशील का?” आईनं विचारलं.

मी बीडला वसतिगृहात राहून शिकणारी पोरगी, खुशाल बसले असते. पण आईपुढं हे बोलायची सोय नव्हती.

आमचं गाव दिंद्रुडच्या बाजूला, सपाटीवर. छावणी काढली होती एका सहकारी संस्थेनं, आणि संस्थेच्या चेअरमनची जमीन डोंगरमाथ्यावर होती. त्यामुळं जनावरं खालची आणि छावणी वर. असं कावून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. चारा मिळतोय हेच लई झालं, असं जो तो म्हणायचा. माझा भाऊ उन्हाळ्यापासून बैलांबरोबर तिथंच राहत होता.

एसटीनं जायचं तर डोंगराला वळसा घालून, गाडी बदलून जावं लागे, आणि परतीची गाडी मिळेलच याचा भरवसा नाही. इकडं टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा, आणि आला की गावभर घागरींची मारामारी. आईला एकटीला ते दोन-दोन दिवस झेपणारं नव्हतं. म्हणून वडलांनी, म्हणजे दादांनी, ठरवलं की पायथ्यापर्यंत सायकलनं जायचं, तिथून पायवाटेनं डोंगर चढायचा आणि दिवस मावळायच्या आत परतायचं; दुसऱ्या दिवशी पोळ्या घेऊन पुन्हा तसंच. त्यांना चढावर दम लागायचा, म्हणून मी बरोबर.

आवतण दोन्ही बैलांना होतं, पण आईचा जीव तांबड्यात होता. तांबडा आमच्याच गाईचा. तो झाला आणि थोड्याच दिवसांत गाय गेली. आईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. वासरू असताना तो तिच्या मागं मागं थेट चुलीपर्यंत यायचा. आमच्या दोघांपेक्षा याचेच लाड जास्त झाले, असं भाऊ तिला चिडवायचा आणि ती ते मुळीच नाकारायची नाही. पांढरा बाजारातून आणलेला, जोडीला जोड म्हणून. निघताना तिनं लोण्याचा डबा दादांच्या हातात दिला आणि म्हणाली, “तांबड्याला म्हनावं, मायनं बोलावलंय.”

लोणीही त्या वर्षी दुकानातून विकत आणलं होतं. ज्या घरानं डेअरीला कॅन भरभरून दूध घातलं, त्या घरात ही वेळ आली होती. दादांच्या सायकलला कॅन अडकवायचे लोखंडी आकडे अजून तसेच होते. गावातली दूध सोसायटी बंद पडली, तरी त्यांनी ते काढले नव्हते. रस्ताभर ते खडखडत होते आणि मी माझ्या शाळेत मिळालेल्या सायकलवर त्यांच्या मागं. ऐन पावसाळ्यात दोन्ही बाजूंची रानं उघडी पडली होती. कुठं वीतभर कापूस उगवून वाळला होता. वारा तोंडावर होता. पायडल मारावं आणि जागेवरच राहावं, असं चाललं होतं. मी वैतागून गेले होते. दादा मात्र खुशीत होते. लेकाला आणि बैलांना किती दिवसांनी भेटणार होते!

पायथ्याच्या मारुतीपाशी सायकली लिंबाला टेकवल्या आणि चढायला लागलो. सीताफळाची झुडपं नुसत्या काड्या होऊन उभी होती. पायाखालचे दगड सुटत होते. दादा थोडं चढायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, पुन्हा चढायचे. दम खाण्यासाठी बसलो तेव्हा ते खालच्या सपाटीकडं बघत म्हणाले, “एक पाऊस झाला ना बाई, तर ज्वारी पेरता येती. जोडी खाली आनू मग.” मी हो म्हणाले. त्यांच्या अशा बोलण्याचा मला राग यायचा, पण त्या दिवशी हो म्हणाले ते बरं झालं.

वर छावणीत हिरव्या जाळीच्या सावल्या, शेणाचा उग्र वास आणि भोंग्यावर गाणी. दाराशी चेअरमनच्या फोटोचा मोठा फलक, पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छांसह. लोक शिंगं रंगवत बसले होते. भावानं आम्हाला लांबूनच पाहिलं, पण पुढं आला नाही. जागेवरच उभा राहून टॉवेलनं हात पुसत राहिला. त्याचे हात कोरडेच होते.

पांढरा एकटा बांधलेला होता.

“तांबडा पान्यावर गेलाय का?” दादांनी विचारलं.

“न्हाई दादा,” भाऊ म्हणाला. “परवा पहाटं बसला, तो उठलाच न्हाई. पोट लई फुगलंतं. डाक्टर आलता, पन उशिरा.”

“फोन कावून केला न्हाई?”

“कसा करू? घरी फोन आईच उचलती.”

दादांनी जागा दाखवायला सांगितली. एक रिकामा खुंटा होता, त्याच्याभोवतीची माती खुरांनी उकरलेली. मेलेलं जनावर संस्थेच्या ट्रॅक्टरनं नेलं होतं. दादा तिथं जरा वेळ उभे राहिले आणि मग भावाला म्हणाले, “पानी गरम कर.”

त्यांनी पांढऱ्याचा खांदा धुतला आणि लोणी चोळायला घेतलं, तशी त्यांची बोटं थांबली. जू घासून घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो. वर्षभर तिथं जे सोसलं त्यासाठी तर खांदेमळणी. पण दोन हंगाम पेरणी नव्हती, खांद्यावर जू नव्हतं. घट्टा मऊ पडला होता आणि त्यावर बारीक केस उगवले होते.

“ह्याला तर केस आले,” दादा म्हणाले. इतक्या हळू की ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. तरी त्यांनी खांदा नीट मळला, दोन्ही हातांनी, नेहमीसारखा. मग समोर उभे राहून म्हणाले, “आज आवतण घे.” पुढचं त्यांच्यानं म्हणवेना. हात धोतराला पुसत त्यांनी तोंड फिरवलं. मी माझ्या आयुष्यात दादांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. भाऊ म्हाताऱ्यासारखा खाली बसून राहिला. छावणीत त्याचं कोवळं तोंड पार उतरून गेलं होतं आणि त्याला जवळ घ्यावं असं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

उतरताना एकच गोष्ट आमच्या डोक्यात होती, आणि ती म्हणजे आईला कसं सांगायचं. उद्याचा सण होऊ द्यावा, मग सांगावं, असं मी सुचवलं. दादा नाही म्हणाले. “ती चुलीफुडं बसून त्याच्यासाठी पोळ्या लाटंल आन मी बघत बसू?” पायथ्याशी सायकली घेतल्या, पण दादा बसलेच नाहीत. बराच वेळ सायकल हातात धरून चालत राहिले. घर जितकं लांबवता येईल तितकं ते लांबवत होते. मीही मग चालले.

आई ओट्यावर वाट पाहत होती. “दिलं का आवतण?” तिनं विचारलं.

दादा ओट्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. आई भिंतीला टेकली. मी पाणी आणायला उठले, तर हातानंच खाली बस म्हणाली. मग तिनं विचारलं, “आन पांढऱ्याला?”

“त्याचा खांदा मळला. पन आवतण अर्धंच दिलं. शब्द फुटंना.”

“अर्धं?” आई ताडकन सरळ झाली. “आवं, तो जिता हाय ना! जोडीदार गेलाय त्याचा, एकला उभा हाय तितं, आन तुमी त्याला अर्धं आवतण देऊन आलात?”

दादांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण आईचंही खोटं नव्हतं.

सकाळी मी उठले तेव्हा पोळ्या करून झाल्या होत्या आणि आई लुगड्याचा पदर खोचून दारात उभी होती. मी टँकरचं विचारलं.

“टँकर गेला उडत,” ती म्हणाली.

तिला सायकलवर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. टोपलं मांडीवर घेऊन ती दादांच्या मागं बसली. डोंगर तिनं न थांबता चढला. दादा आणि मी धापा टाकत मागं राहिलो, आणि ती टोपलं डोक्यावर घेऊन दगडांवरून वर वर जाताना दिसत होती.

छावणीत पोचल्यावर तिनं भावाला जवळ घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग पांढऱ्याला ओवाळलं आणि पोळी पुढं केली. तो खायला लागला. एकेक करून त्याच्या वाटणीच्या सगळ्या संपल्या. टोपल्यात तेवढ्याच पुन्हा उरल्या होत्या. आईनं हिशोब कमी केलाच नव्हता.

ती रिकाम्या खुंट्याकडं बघत थोडी थांबली. मग उरलेल्या पोळ्या तिनं पांढऱ्यापुढंच धरल्या.

“खा बाबा,” ती म्हणाली. “त्याच्या बी तूच खा.”

आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.