दोन भाऊ, एक गेटपास: नाशिकरोड ते चाकण

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. चाकणच्या एका कारखान्यात, मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्या ठोकणाऱ्या प्रेसखाली माझ्या भाच्याची, नितीनची, उजव्या हाताची दोन बोटं गेली. कागदोपत्री मात्र ती त्याची नाहीत. कागदोपत्री ती त्याच्या धाकट्या भावाची, राहुलची आहेत. राहुलची दहाही बोटं जागच्या जागी आहेत. मी स्वतः पाहिली.

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर हंपी पाहिलंत, भूतानचे मठ चढलात. या खेपेला पिंपरी-चिंचवड आणि चाकण. ‘तिथे बघायला काय आहे?’ असं शेजारणीनं विचारलं. म्हटलं, आपण ज्या गाडीत बसतो तिचं दार कुठे होतं ते तरी बघून येते.

खरं कारण असं, की घरच्यांनी मला दोन महिने ‘हाताला थोडं लागलंय’ एवढंच सांगितलं होतं. मे महिन्यात व्हिडिओ कॉलवर नितीननं फोन डाव्या हातात धरला, मी ‘उजवा दाखव’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

नाशिकरोडहून पुण्याची एसटी पकडा, सकाळी लवकरची. बायकांना अर्धं तिकीट आहे, लाजू नका, घ्या. नारायणगावला गाडी थांबते तिथे मिसळ बरी मिळते, तर्री बेतानं. राजगुरुनगरपर्यंत प्रवास सुखाचा. पुढे चाकण येतं आणि रस्ता संपतो. म्हणजे डांबर आहे, पण त्यावर हलायला जागा नाही. कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, पत्र्याची भेंडोळी लादलेले ट्रक. आमची एसटी तळेगाव चौकात इतका वेळ उभी होती, की मागच्या सीटवरच्या दोन मुलांचं सगळं चरित्र मला कळलं.

“काय भावा, बॅग घेऊन? गावाला?”

“ब्रेक लागला ना राव. सात महिने भरले.”

“मग आता?”

“आता काय, मामाच्या पोराच्या कार्डावर, त्याच्याच नावानं, जाईन दुसरीकडे. बसून खायला मी काय साहेब आहे?”

हा ‘ब्रेक’ काय ते मी वळून विचारलं. मुलं हसली. सहा-सात महिने झाले की कंत्राटी कामगाराला थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नव्यानं कामावर घ्यायचं, म्हणजे तो कधीच जुना होत नाही, कधीच कायम होत नाही. “मावशी, आम्ही सगळे इथं नवीनच असतो,” त्यातला एक म्हणाला, “मी पाच वर्षं नवीन आहे.”

मोशीला उतरले आणि रिक्षानं चिखलीला गेले. वाटेत नदीकाठच्या रस्त्यावर रिक्षावाल्यानं न सांगता काच चढवावी तसा रुमाल नाकाला लावला. खाली इंद्रायणी. पाण्यावर फेस, साबणाचा असतो तसा पांढरा नाही, मळकट, कडेच्या जलपर्णीला चिकटलेला. थांबवायला सांगितलं तर म्हणाला, “फोटो काढताय? सगळेच काढतात.” मी काढला नाही.

चिखली म्हणजे खाली वर्कशॉप आणि वर संसार. एका गाळ्यात पावडर कोटिंग, शेजारी स्प्रिंगा, त्याच्या शेजारी पोळीभाजी केंद्र. मोठी कंपनी गाडी जोडते. तिला दार पुरवणारी दुसरी, दाराला बिजागरी पुरवणारी तिसरी, तिला माणसं पुरवणारा ठेकेदार. हे सगळं या भागात फिरल्याशिवाय समजत नाही. वर्तमानपत्रात फक्त पहिल्या कंपनीचा फोटो येतो.

माझा धाकटा भाऊ आयटीआय करून ऐन तारुण्यात पिंपरीला आला, एका कारखान्यात कायम झाला आणि कायमच राहिला. पगार, बोनस, दिवाळीला मिठाईचा डबा, युनियनची सहल. आज तो नाही. त्याच्या दोन्ही मुलांनी त्याच्याहून जास्त शिक्षण घेतलं आणि दोघंही कायम नवीन आहेत. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली नितीन बसला होता, हात मांडीवर उशीवर ठेवून. तर्जनी नाही, मधलं बोट नाही.

“आत्या, चहा घे आधी,” तो म्हणाला.

चहा घेतला. मग त्यानं सांगितलं. त्याला फेब्रुवारीत ब्रेक लागला. राहुल त्याच कारखान्यात, त्याच ठेकेदाराकडे. राहुलची बायको बाळंतपणाला सासवडला, तो तिकडे गेला. ठेकेदाराचा सुपरवायझर नितीनला म्हणाला, तू तुझ्या भावाच्या गेटपासच्या कार्डावर ये, मशीन रिकामं ठेवू नको. तो गेला. त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून दोन. एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं होतं, म्हणजे एक हात माल सरकवायला मोकळा.

“कोणी चिकटवलं?”

“मी आलो तेव्हापासून तसंच हाय आत्या. ती पट्टी काढली तर टार्गेट होत न्हाई.” एरवी पुण्याचं मराठी बोलणारा हा मुलगा अशा वेळी आईची मावळी भाषा बोलतो.

दवाखान्यात सुपरवायझरनं नाव सांगितलं ते कार्डावरचं. राहुल. नितीन शुद्धीवर होता. त्यानं ऐकलं आणि गप्प राहिला.

“का रे गप्प राहिलास?”

“राहुलचं कार्ड गेलं असतं ना.”

देवळालीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या या बाईनं कप उचलला आणि मोरीत नेऊन विसळला.

दुसऱ्या दिवशी कामगार विम्याच्या दवाखान्यात त्यांच्याबरोबर गेले. पेपर दाखवायला राहुल, हात दाखवायला नितीन. नर्सनं पुकारलं, “राहुल!” आणि दोघं भाऊ एकदम उभे राहिले. मागे बसलेली एक बाई फिस्सकन हसली. नर्सनं एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, “ज्याचं दुखतंय तो या.” डॉक्टरांनी जखम नीट पाहिली. जखमेवर उपचार चांगले झालेत, तक्रार नाही. पण जाताना त्यांनी सांगितलं, की जूनच्या शेवटी मेडिकल बोर्ड बसेल आणि राहुलचं अपंगत्व ठरवेल.

राहुलचं! ते एकदा ठरलं की राहुलच्या नावावर जन्मभर आठच बोटं. कुठलाही कारखाना त्याला मशीनवर उभा करणार नाही. आत्ताच तो कागदावर आजारी असल्यामुळे त्याला दुसरीकडे कामावर घेत नाहीत. आणि नितीनला कागदावर दहा बोटं, म्हणजे विम्याचं अपंगत्वाचं पेन्शन नाही, आणि हातात आठ, म्हणजे नोकरी नाही. एका अपघातात दोन माणसं घरी बसली आहेत. राहुलच्या तान्ह्या मुलीचं दूध शोभाच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या, शिवणकामावर येतं.

नाव दुरुस्त होतं का ते एका सरकारी कचेरीत विचारलं. पंख्याखालचा क्लार्क सज्जन होता. “होतं की मॅडम. मालकानं लिहून दिलं, की मशीनवर हा नसून तो होता, तर होतं. पण मालक कशाला लिहितोय?”

म्हटलं, मी विचारते.

तिसऱ्या दिवशी चाकण. जायचंच असेल तर सातच्या आत पोचा, नाहीतर पायी गेलेलं बरं. औद्योगिक वसाहतीत झाडांच्या रांगा आहेत, रुंद रस्ते आहेत, आणि पायी चालणाऱ्याला फूटपाथ नाही, कारण पायी चालणारा इथे हिशेबातच नाही. वडापावच्या गाड्यावर पहिल्या पाळीची गर्दी होती. वडा गरम, मिरची झणझणीत.

गेटवरच्या वॉचमननं नितीनला आत सोडलं नाही, राहुलला सोडलं नाही. मी इंग्रजीत बोलले, मला ‘या मॅडम’ म्हणून खुर्ची दिली. मी दोघांना बरोबर आत नेलं. एवढ्यासाठी बाबांनी कारकुनाच्या पगारातून ननांची फी भरली होती.

मनुष्यबळ विभागाचा साहेब तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी.

“मॅम, आय कम्प्लीटली अंडरस्टँड.”

“काय समजलं ते मराठीत सांगा.”

“बघा ना, कार्ड राहुलचं पंच झालंय. म्हणजे रेकॉर्डप्रमाणे मशीनवर राहुलच होता.”

“राहुल, हात वर कर,” मी म्हटलं. त्यानं दोन्ही हात वर केले, बोटं फाकवून, शाळेतल्यासारखे. साहेब खिडकीबाहेरच्या कुंड्यांकडे बघू लागला.

मग त्यानं दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. “ऑफ द रेकॉर्ड सांगतो, मॅम. नितीनच होता, सगळ्यांना माहीत आहे. गुणी ऑपरेटर आहे. पण मी हे लिहून दिलं, तर दुसऱ्याच्या कार्डावर माणसं चालतात हे लिहून दिल्यासारखं आहे. गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट तोंडावर आहे. ऑर्डर गेली तर या शेडमधल्या सगळ्यांच्या चुली बंद. त्यात माझीही आली.”

“आणि यांची?”

“उलट मी यांना सांभाळून घेतोय. दुसऱ्याच्या नावानं काम केलं म्हणून यांच्यावरच केस होऊ शकते.”

तो खोटं बोलत नव्हता, हेच भयंकर. त्याला बिजागऱ्या द्यायच्या आहेत, दारवाल्याला दारं, मोठ्या कंपनीला गाड्या. माझ्यासारख्या म्हातारीला शोरूममध्ये मोतिया रंगाची गाडी हवी असते, तीही लगेच.

परतताना भोसरीत ठेकेदाराच्या कार्यालयात गेले. हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली, तिथे तो सुपरवायझर. “मावशी, आम्ही तर उपकार केले,” तो म्हणाला. “ब्रेकमध्ये घरी बसून काय खाल्लं असतं त्यानं? भावाच्या कार्डावर सगळेच येतात. आता बोटं याचीच जायची होती, त्याला मी काय करू?”

“तुमची मोजून ठेवा,” मी म्हटलं. रागानं बोलले. काही उपयोग झाला नाही. तो मनापासून हसला आणि त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

संध्याकाळी शोभा मला चिंचवडला पवनेच्या घाटावर घेऊन गेली, पाहुणीला काहीतरी दाखवायला हवं म्हणून. दगडी पायऱ्या सुरेख आहेत. पाणी हललं नाही. शोभा पदरानं डास वारत म्हणाली, “ताई, तुमी इंग्रजी बोलला, त्यांनी खुर्ची दिली. आमी बोललो तर केस घालतील. तुमी जाल उद्या. आमाला हितंच ऱ्हायचंय.”

चौथ्या दिवशी निघाले. नितीन स्टँडवर सोडायला आला. बॅग त्यानं डाव्या हातानं उचलली आणि उजवा सवयीनं पुढे केला, निरोपाला. मी तो धरला. जिथे बोटं असायची तिथली कातडी नवी, गुलाबी, गुळगुळीत होती.

नाशिकरोडला परत येऊन दोन आठवडे झाले. प्रवासातून काय मिळालं ते एरवी मी शेवटी लिहिते. या वेळी मिळालं काही नाही. शेजारणीच्या नव्या गाडीचं दार धाडकन लागतं तेव्हा मी दचकते. या नगरीचे उद्योग जोरात चालू आहेत, हे कोणाला हवं असेल तर मी लिहून देते. मी तरी लिहून देते.

आता त्या कारखान्याच्या व्यवस्थापकांना. मी तुमचं नाव इथे घेतलेलं नाही, पण हा मजकूर रजिस्टर पोस्टानं तुमच्या टेबलावर पोचला आहे, पोचपावती माझ्याकडे आहे. मला सहानुभूती नको, बंद दारामागची कुजबुज नको, चहा तर नकोच. बोर्ड जूनच्या शेवटी बसतो. त्याआधी, शुक्रवार, २० जूनला संध्याकाळी पाचपर्यंत, तुमच्या सही-शिक्क्याचं लेखी उत्तर मला हवं आहे, एकाच प्रश्नाचं: त्या मंगळवारी सकाळी तुमच्या प्रेससमोर कोण उभा होता? फक्त नाव लिहा.