सही ऐच्छिक आहे

आमच्या किचनमध्ये एक ड्रॉवर आहे, त्यात सुपरमार्केटच्या पिशव्या कोंबलेल्या असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण दर वेळी उघडला की एखादी जास्तच निघते. कॉन्ट्रॅक्टर लोकांच्या किश्शांचं तसंच आहे. लंडनजवळ वॉटफर्डला रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा मराठी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे कंपन्यांत ठरावीक मुदतीच्या कामावर जाणारे, एका हॉलमध्ये चहाला जमतो. हॉल उज्ज्वलाताईंनी घेतलेला असतो. त्या तिथे आधी बुद्धवंदना आणि मग अंधश्रद्धेविरुद्धचा अभ्यासवर्ग चालवतात. खुर्च्या मांडलेल्याच असतात, त्यामुळे आमची सोय होते.

गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी एका कागदावर येतात. तो आधी समजून घ्या. इथे एजन्सीमार्फत काम करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. क्लायंटने टाइमशीटवर सही केली नाही म्हणून एजन्सी तुमचे पैसे अडवू शकत नाही. उद्या त्याच क्लायंटने तुम्हाला थेट नोकरी दिली, तर एजन्सी फार काळ आडवी येऊ शकत नाही. पण तुमची स्वतःची एकमाणशी कंपनी असेल, तर 'आम्हाला हे संरक्षण नको' असं लिहून देता येतं. त्याला म्हणतात ऑप्ट-आउट. म्हणजे भर पावसात छत्री मिटून उभं राहण्याचा अर्ज, आणि तो भरायला आम्ही रांगेत!

*

आमच्यातल्या बहुतेकांचा एजंट एकच, जेमी. बोलायला फार गोड. त्याने पहिल्यांदा फॉर्म पाठवला तेव्हा मी विचारलं, "हे कम्पल्सरी आहे का?"

"अजिबात नाही. ऐच्छिक आहे. सक्ती करणं बेकायदेशीर आहे."

"मग मी सही करत नाही."

"नका करू, तुमचा हक्क आहे. फक्त तो बॉक्स टिक झाल्याशिवाय सिस्टीम सीव्ही पुढे पाठवत नाही. सिस्टीमला कायदा कळत नाही ना."

मी सही केली.

*

प्रशांत साउथहॅम्प्टनच्या बंदरावर सॉफ्टवेअर सांभाळतो आणि महिन्यातून एकदा आमच्याकडे येतो. त्याचं ठाम मत, "ऑप्ट-आउट केलं की टॅक्सवाले आपल्याला खरे बिझनेसवाले समजतात. नाहीतर नोकरदार धरून जास्त टॅक्स लावतात."

"कुठे लिहिलंय?" उज्ज्वलाताईंनी विचारलं. ताई अठ्ठावन्न वर्षांच्या, डेटा अ‍ॅनालिस्ट. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचतात.

"लिहिलेलं नाही, पण हा म्हणाला." प्रशांतने माझ्याकडे बोट दाखवलं. मला आमच्यातल्याच अजितने सांगितलं होतं. अजितला विचारलं, तर तो म्हणाला, "मला प्रशांतनेच सांगितलं ना, मागच्या समरला."

प्रशांत खूश झाला. "बघा, तीन माणसं तेच सांगतायत!"

*

वृषाली फिजिओथेरपिस्ट आहे, वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. तिलाही तोच फॉर्म आला. तिने ताईंना दाखवला. ताईंनी नियम काढून दिला: आजारी, म्हाताऱ्या, परावलंबी माणसांसोबत काम करणाऱ्याला ऑप्ट-आउट करताच येत नाही. वृषालीने तसं एजन्सीला कळवलं.

एजन्सीचं उत्तर तासाभरात आलं. "लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. हा नियम आपल्याला लागू होऊ नये, अशी आपली इच्छा असल्यास सोबतचा फॉर्म भरावा."

*

एकदा जेवताना हे सगळं मी घरी सांगत होतो. माझी मुलगी मीरा इथेच जन्मलेली, पंधरा वर्षांची. तिने काटा खाली ठेवला.

"बाबा, लॉ तुझा साइड घेतो, आणि तू लॉला सांगतो की नको?"

"हो."

"व्हाय?"

"सगळेच करतात गं."

"मी हा रीझन दिला तर तू मला काय बोलतो?"

बायको जी हसायला लागली, ती काही केल्या थांबेना. मी वरण वाढून घेतलं.

*

अजितची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्याची बायको स्नेहल लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये नर्स. तिथली नोकरी तिला सोडवत नव्हती, आणि याला काम मिळालं वॉटफर्डला. दोन वर्षं तो इथे एका खोलीत राहायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून जवळजवळ तीनशे किलोमीटरवर लीड्सला जायचा. चार वर्षांची लेक त्याला 'फ्रायडे बाबा' म्हणायची. तो हे हसत हसत सांगायचा, पण सांगून झालं की उगाच कप धुवायला उठायचा.

अशात क्लायंटने त्याला विचारलं, "आमच्या लीड्सच्या ऑफिसात कायमचा येतोस का?" अजितला आकाश ठेंगणं झालं. लगेच जेमीचा फोन. "अभिनंदन! पण तू ऑप्ट-आउट केलंयस. आता वर्षभर आमच्याशिवाय त्यांच्याकडे जाता येणार नाही." क्लायंट वर्षभर जागा रिकामी ठेवणार नव्हता. अजितने स्नेहलला दोन दिवस सांगितलंच नाही.

रविवारी ताईंनी त्याचे सगळे कागद टेबलावर पसरले. "अजित, दोन वर्षांपूर्वीच्या या फॉर्मवर सोमवार संध्याकाळची सही आहे. आणि कामावर कधी गेलास?"

"त्याच दिवशी सकाळी."

ताईंनी चष्मा काढला. "अरे, क्लायंटकडे पाठवण्याआधी सही व्हायला हवी. उशिरा केलेली सही या कामाला लागूच होत नाही. फॉर्म तर शुक्रवारी आला होता. तीन दिवस काय करत होतास?"

अजित कप धुवायला उठला.

"बोल."

"आईचा साताऱ्याहून फोन आला होता, ताई. रविवारी अमावस्या लागणार होती. ती म्हणाली, संपेपर्यंत कशावर सही करायची नाही. अमावस्या सोमवारी दुपारी संपली."

ताईंच्या मागे फळ्यावर सकाळच्या वर्गाचा विषय तसाच होता: 'मुहूर्त नावाचं थोतांड'.

*

एजन्सी सहज सोडणार नव्हती. त्यांचं म्हणणं, अजितने मनातून आधीच मान्य केलं होतं, सही फक्त राहून गेली. तेव्हा सही राहून गेली नव्हती, ती जाणूनबुजून केली नव्हती, हे लिहून देणं भाग होतं. ते पत्र ताईंनीच लिहिलं. एकेक शब्द त्यांनी स्वतःचा दात उपटून दिल्यासारखा दिला. 'आमचे सहकारी अमावस्येला कोणत्याही कागदपत्रावर सही करीत नाहीत,' हे वाक्य इंग्रजीत टाइप करून त्या पाणी प्यायला उठल्या.

आठवड्याने उत्तर आलं. एजन्सीने माघार घेतली. काही आठवडे थांबून अजित लीड्सला जायला मोकळा झाला. त्याने हॉलमधूनच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मग? मी काय उगाच सांगते का?" साताऱ्याहून आवाज आला.

ताईंनी फळा पुसला.

*

आता अजित लीड्सला असतो, आणि रविवारी फार तर व्हिडिओ कॉलवर येतो. गेल्या महिन्यात त्याची आई तिकडे आली होती, म्हणून कॉलवर दोघंही होते. नेमकं त्याच आठवड्यात ताईंना नवीन कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं. काम सोमवारी सुरू होणार होतं, आणि जेमीचा फॉर्म येऊन पडला होता. सोबत निरोप: ऐच्छिक आहे, पण आजच सही केलीत तर बरं.

ताईंनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. मग फोन माझ्या हातातून घेतला.

"आई, नमस्कार. मी उज्ज्वला. एक विचारायचं होतं. सोमवारपर्यंत अमावस्या वगैरे आहे का हो?"

"नाही गं. उद्या पौर्णिमा आहे. का गं?"

ताई आमच्याकडे पाठ करून हळूच म्हणाल्या,

"पौर्णिमेला सही करू नये, असं काही नाही का हो तुमच्यात?"