मेबल जेवत नाही

व्हर्ना स्टकीने अजगर उशीच्या अभ्र्यात घातला, अभ्र्याला गाठ मारली, तो गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि वरून पट्टाही लावला. मागच्या सीटवर काचेची पेटी आणि गरम राहणारी चटई. ओहायो नदीच्या काठाने घरी येईपर्यंत ती एकटीच हसत होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. अर्ल असता तर त्याने उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं. "एकतर या घरात माणसं राहतील, नाहीतर जनावरं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लग्नात भेट आलेली मांजरसुद्धा त्याने आठवड्याच्या आत बहिणीकडे धाडली होती.

ती गेली होती खरं तर गोधड्यांच्या प्रदर्शनाला. शेजारच्याच मंडपात सापांचा बाजार भरला होता. डोरीन नावाच्या एका दांडग्या, दंडभर गोंदलेल्या बाईने तिच्या ओंजळीत तो ठेवला. तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके, जाडी मनगटाएवढी. ठेवल्या ठेवल्या त्याने अंगाचा चेंडू केला आणि डोकं आत दडवलं.

"मादी आहे. भ्याली की असंच करतात हे," डोरीन म्हणाली. "चावणार नाही. जरा दम धरा."

व्हर्नाने दम धरला. बऱ्याच वेळाने वेटोळ्यातून तोंड बाहेर आलं आणि जिभेचं टोक तिच्या अंगठ्याला लागलं.

"जगतात किती वर्षं?"

"नीट सांभाळलं तर तीस."

"म्हणजे मला नव्वदी ओलांडावी लागणार," व्हर्ना म्हणाली आणि पर्स उघडली.

उभा जन्म तिने वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात दुसऱ्यांच्या चादरी धुण्यात घालवला होता. निवृत्त झाली आणि लगेच लेकीने, रोंडाने, कोलंबस शहरातल्या आपल्या घराच्या तळघरातली खोली रंगवायला काढली. आई तिथे येणार हे रोंडाने आणि जावयाने ठरवूनही टाकलं होतं. व्हर्नाला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची वेळही आली नव्हती.

"साप?" रोंडा फोनवर किंचाळली. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगदी आहे. आणि साप नाही, अजगर."

"पोरं यायची नाहीत हं मग तुझ्याकडे!"

"नका पाठवू. सुट्टीत त्यांना आपल्याच घरी राहावं लागेल, एवढंच."

पण खरी पंचाईत वेगळीच होती. अजगर जेवेना.

डोरीनने गोठवलेले छोटे उंदीर दिले होते. कोमट पाण्यात पिशवी बुडवून ते नरम करायचे, मग चिमट्यात धरून पेटीत हलवायचे. पहिल्या आठवड्यात व्हर्नाने उंदीर हलवला; अजगराने तोंड फिरवलं. दुसऱ्या आठवड्यात तिने उंदराचं डोकं केस वाळवायच्या यंत्राने गरम केलं. अजगर गोळा होऊन बसला. मग उंदीर लहान घेतला, मग मोठा. एकदा कोंबडीच्या सुपातही बुचकळून बघितला. शेवटी दुकानातून जिवंत उंदीर आणला. तो शहाणा थेट अजगराच्या डोक्यावर चढून मिशा साफ करत बसला आणि अजगर त्याच्याखाली गपगार. व्हर्नाने उंदीर बाहेर काढला, दुकानात परत नेऊन दिला.

"नखरे बघा बाईचे," ती पेटीला म्हणाली. "सूप खारट, मांस चिवट, बटाटे गार. हुबेहूब माझी सासू."

सासूचं नाव मेबल होतं. तेच ठेवलं.

"आजीचं नाव?" रोंडा त्या शनिवारी घरी आली होती. आइस्क्रीम काढायला तिने फ्रीजरचं दार उघडलं आणि वाटाण्याच्या पाकिटाशेजारची पिशवी बघून दोन पावलं मागे सरली. "आई! हे... हे इथे?"

"मग काय बाहेर वाळत घालू?"

रोंडा पेटीपाशी गेली. पेटी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, खिडकीसमोर. मेबल कोपऱ्यात आवळून बसलेली.

"मरतंय ते, आई," रोंडा हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर व्हर्नाला सोपं गेलं असतं. "माझ्या ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे. त्याच्याकडे आहेत असे बरेच. तुला जमत नाहीये गं. देऊन टाक, आणि चल माझ्याबरोबर. खोली तयार आहे."

रोंडा गेल्यावर व्हर्ना पायऱ्यांवर येऊन बसली. कुंपणावर चढून शेजारच्या क्लीटने हाक मारली. तो अर्लचा जुना मित्र, दुसऱ्याच्या घरातलं सगळं त्याला माहीत असायचं.

"काय व्हर्ना, उपाशी मारलंस का शेवटी?"

"तुझी पोटापाण्याची चौकशी संपली असेल तर कुंपणावरून खाली उतर, क्लीट. मोडेल."

पण आत जाऊन तिने डोरीनला फोन लावला. "मी मारतेय का हो तिला?"

"वजन केलंत?"

स्वयंपाकघरातल्या काट्यावर भांडं ठेवून व्हर्ना दर रविवारी करायची. "फारसं उतरलेलं नाही."

"मग मरत नाही ती. महिनोन् महिने उपास काढतात ह्या. पेटी कुठे ठेवलीय?" व्हर्नाने सांगितलं. डोरीन हसली. "अहो, टीव्हीजवळ? उन्हात? वर रोज हातात घेताय, रोज चिमटा नाचवताय. तुमच्या छातीवर कोणी रोज ताट घेऊन बसलं तर तुम्ही जेवाल? अंधारी, शांत जागा बघा. लपायला घट्ट डबा द्या. आणि तिला एकटीला सोडा हो जरा."

घरात अंधारी, शांत जागा एकच होती. अर्लची खोली. भिंतीवर हरणाची शिंगं, मध्ये त्याची आरामखुर्ची, खुर्चीच्या हातांवर बिअरचे डाग. व्हर्ना तिथे फक्त झाडू मारायला जायची, आणि तेही आधी विचारून. तो गेल्यावरही दोन वर्षं दारावर टकटक करूनच आत शिरायची.

त्या दुपारी तिने टकटक केली नाही. आरामखुर्ची ढकलत, ओढत, दारात आडवी-तिडवी करत तिने बाहेर काढली आणि रस्त्याकडेला नेऊन ठेवली.

"अर्लची खुर्ची!" क्लीट धावत आला. "अगं, कळतंय का काय करतेयस?"

"कळतंय. हवी असेल तर ने. नाहीतर उद्या कचऱ्याची गाडी आहेच."

त्याने नेली. शिंगंही नेली. व्हर्नाने पडदे ओढले, पेटी आत आणली, तीन बाजूंना काळा कागद लावला. कुंडी उपडी घालून तिला जेमतेम मेबल मावेल असं दार फोडलं. मग दार लोटून घेतलं आणि पाणी बदलण्यापलीकडे आत जायचं नाही असं ठरवलं. सर्वांत अवघड तेच होतं. भरवणं तिला येत होतं. न भरवणं कोणी शिकवलं नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता एका संध्याकाळी तिने उंदीर गरम केला, कुंडीच्या तोंडाशी धरला आणि हात हलवला नाही. कुंडीतून नाक आलं. जीभ आली. मग चिमटा एवढ्या जोराने खेचला गेला की तो तिच्या हातून सुटलाच. मेबलने उंदराभोवती तीन वेढे घातले होते.

व्हर्नाने फोन लावला. "रोंडा, जेवली."

"कोण?"

"आणि ऐक. तुझ्या ऑफिसातल्या माणसाला नको म्हणून सांग. आणि मला ती खोलीही नको. मी येत नाही तिकडे."

"आई, खोली रंगवलीय आम्ही."

"रंग छान आहे. भाड्याने दे."

रोंडाने फोन आपटला. जवळजवळ दोन महिने बोलली नाही. व्हर्नाला ते लागलं, पण तिने स्वतःहून फोन केला नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी मात्र गाडी दारात उभी राहिली. आधी दोन्ही नातवंडं उतरली, "कुठेय, कुठेय" करत आत पळाली, आणि मागून भोपळ्याच्या गोड 'पाय'ची थाळी हातात धरून रोंडा.

"पोरं ऐकेनात," ती आईकडे न बघता म्हणाली. "आणि आम्ही झोपायचं कुठे? क्लीटकाकांनी सांगितलं, बाबांच्या खोलीत तर..."

"दिवाणखान्यात. सोफा उलगडतो तुला ठाऊक आहे." व्हर्नाने तिच्या हातातली थाळी घेतली. "आणि आत जाताना दार हळू उघडा. तिला आवाज चालत नाही."