पान लागलं: काजळप्रांत शोधायला आष्टीला गेलो तेव्हा

काजळप्रांतातली माणसं जेवतात काय, या एका प्रश्नावरून आमची आष्टीची सहल ठरली.

काजळप्रांत हा आमच्या खेळातला देश. औरंगाबादेत सुमेधच्या गच्चीवर दर रविवारी आम्ही फासे घेऊन बसतो. सुमेध गोष्ट पुढे नेतो, दत्ता आणि मी तिच्यातली पात्रं होऊन बोलतो आणि फासे पडतील तसे जगतो किंवा मरतो. या देशात राजे होते, बुरूज होते, गवतातून सरपटत येणारा एक भयानक जीव होता. पण बाजार कधी भरतो, पाहुण्याला आधी काय देतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. जिथे कुणी भाकरी थापत नाही तो देश नव्हे, नुसता नकाशा आहे, असं मी सभांतल्या भाषणांच्या सवयीने ठणकावलं. दत्ता म्हणाला, "मंग चला आमच्या काकूकडं, परतूरच्या पुढं आष्टीला. बाजाराच्या दिवशी."

सकाळच्या गाडीने जालन्याला उतरा. दत्ता तिथे बियाण्यांच्या एका ऑफिसात नोकरीला आहे, त्यामुळे स्टेशनबाहेर तो जीप घेऊन उभा होता. तुम्ही जाणार असाल तर नाश्ता स्टेशनजवळच उरका आणि जीपचं भाडं बसण्याआधी ठरवा. परतूरच्या पुढे रस्ता असा आहे की पोटात अन्न आणि कमरेत बळ, दोन्ही लागतं.

जीपमध्ये वाद पेटला. सुमेधच्या मते काजळप्रांतातले लोक त्या गवतातल्या जीवाचं नाव कधीच घेणार नाहीत. घेतलं की तो येतो.

मी उसळले. "ज्याचं नाव घ्यायला जीभ अडते, त्याच्यापुढे माणूस आधीच गुडघे टेकून बसलेला असतो. भीतीला नावानेच हाक मारायची!"

"वैजू, हे सभागृह न्हाई," दत्ता म्हणाला. "डायवर घाबरून राह्यलाय."

आष्टीचा बाजार म्हणजे काजळप्रांतासाठी खजिना होता. मिरचीच्या ढिगापलीकडून एक बागवान चाचा ओरडत होते, "जल्दी बोलो, सौदा की तमाशा?" सुमेधने ते वाक्य जसंच्या तसं आपल्या देशात नेलं. आम्ही तिघांनी हौसेने तंबाखूचं पान खाल्लं. माझं डोकं गरगरलं. दत्ता हसून म्हणाला, "लागलं वाटतं!" हे वाक्य लक्षात ठेवा.

काकूंचं शेत गावाला लागून आहे. ज्वारी निघाली होती, कडब्याची गंजी रचलेली होती. पिठलं, भाकरी, ठेचा. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "इतके शिकून खेळताव? खेळा बाबा. आमाला जगन्यातूनच फुरसत न्हाई."

दुपार कलली. दत्ता जीपकडे गेला होता. सुमेध गंजीला टेकून चित्र काढत बसला होता. मी विहिरीवरून आले तेव्हा तो बोट चोखत होता. "काटा टोचला," म्हणाला. त्याची जीभ जड वाटली, पापण्या मिटत होत्या.

तेवढ्यात बांधावरून काकूंची हाक आली. "पोरी, त्याला पान लागलं गं! म्या बघितलं!"

"हो काकू!" मी हसत ओरडले. "मलाही लागलंय!"

त्या क्षणभर थबकल्या आणि पदर खोचून जीपच्या दिशेने पळत सुटल्या. एवढ्याशा पानासाठी काय ही धावपळ, असं मला वाटलं. मी सुमेधला उभं केलं, पाणी पाजलं आणि हाताला धरून चालवायला लागले. चाललं की बरं वाटेल म्हणून.

काकू जीप घेऊन आल्या त्या किंचाळतच. "चालवून काय राह्यलीस त्याला! निजव!"

"पानच तर आहे, काकू."

"खायचं न्हाई गं बाई! लागायचं!"

दत्ता जीपमधून उतरला. त्याने माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं. "साप, वैजू. ह्याला साप चावलाय. इकडं त्याचं नाव घेत न्हाईत, पान लागलं म्हणतात."

परतूरपर्यंतचा तो रस्ता मला अजून झोपेत दिसतो. सुमेधचं डोकं माझ्या मांडीवर. मी विचारलेल्या प्रश्नाला तो आधी शब्दांनी उत्तर देत होता, मग नुसत्या हुंकाराने, मग तेही नाही. मोबाइलला रेंज नव्हती. बाजार उठलेला, रस्ताभर बैलगाड्या, शेरडं, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं. हॉर्न कुणी ऐकेना. मी जीपबाहेर अर्धी लोंबकळले आणि ओरडले, "साप! साप चावलाय! वाट द्या!" सभा भरून टाकणारा माझा आवाज पहिल्याच शब्दाला फाटला. तरी गाड्या बाजूला झाल्या. काकूंनी मात्र दोन्ही कानांवर पदर दाबून धरला होता. पण मला गप्प बस म्हणाल्या नाहीत.

दवाखान्यात लगेच इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, चालवायला नको होतं. आता वाट बघायची. आम्ही बाकावर बसलो. काकूंनी माझा हात घट्ट धरला. "म्या सांगितलं व्हतं की गं," एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. सांगितलं होतंच.

पहाटे सुमेधने डोळे उघडले.

औरंगाबादेत परतल्यावर बरेच रविवार गच्ची रिकामीच होती. मग सुमेधनेच बोलावलं. त्याचं बोट अजून वाकत नव्हतं. काजळप्रांतात दत्ताच्या पात्राला गवतातल्या त्या जीवाने डसलं, आणि मी सवयीने फासे उचलले. सुमेधने माझ्या मुठीवर हात ठेवला. "इथे फासे नकोत. वैजू, तू सांग, त्या देशात लोक त्याला नावाने हाक मारतात की नाही?"

माझं मत मी बदललेलं नाही. पण पदर कानांवर दाबूनही मला बोलू देणाऱ्या काकूंसमोर ते अर्धंच खरं ठरतं. म्हणून मी तिथे एक रिवाज घातला. घरच्यांना नाव घेऊ नये असं वाटत असेल तर खुशाल घेऊ नये. पण काजळप्रांतात पाहुणा उंबऱ्यावर आला की पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी त्याला एक गोष्ट सांगतात: आमच्याकडे गवतातल्या त्या जीवाला काय म्हणतात.

तुम्ही आष्टीला जाल तेव्हा कुणी आपणहून सांगायची वाट बघू नका. पाणी पिण्याआधी तुम्हीच विचारा.