उधाणाआधीची उघाडी

ताम्हाणे साहेबांना पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी चार ओळी लिहा, असा रोह्याहून निरोप आला. मी चौथी शिकलेली बाई. शुद्धलेखन ज्यांचं त्यांनी बघावं. खरंखोटं मी बघते.

साहेबांची पहिली भेट आमच्या बांधावर झाली. खाडीनं बांध फोडून खांड पाडली होती. भरती यायच्या आत ती बुजवायला आम्ही बायका चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होतो. तेवढ्यात कासू स्टेशनावरून चालत एक गृहस्थ आले. काखेत प्लास्टिकात गुंडाळलेली लांब सुरळी. अशी सुरळी गावात आली की कुणाची तरी जमीन जाते, एवढं आम्हाला कळतं. मी वरूनच ओरडले, "जमीन द्यायची नाय! आल्या वाटेनं जा."

"घ्यायला नाही, विचारायला आलोय," असं म्हणून त्यांनी सुरळी गवतावर ठेवली, पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रांगेत उभे राहिले. चिखल देता येत नव्हता त्यांना, निम्मा अंगावर सांडत होते. पण खांड बुजेपर्यंत हलले नाहीत.

मग नकाशा उघडला. साहेब सरकारी कचेरीत अनुरेखक होते, म्हणजे दुसऱ्यांनी मोजलेल्या नद्या कागदावर उतरवणारे. म्हणाले, "तुमचं गाव चार वेळा काढलंय मी. बघतोय आज." निवृत्तीनंतर हा माणूस स्वतःच्या पैशानं गावोगाव फिरत होता. वरच्या धरणाचं पाणी पुढची वर्षं कसं साठवायचं, कधी सोडायचं, याचा आराखडा सरकार करत होतं. लोकांनी लेखी म्हणणं द्यावं, पेणला सुनावणी होईल, अशी नोटीस निघाली होती. नोटीस कुठे लावली होती देव जाणे. साहेबांनी ती वाचून दाखवली तेव्हा कळलं.

आराखड्यात होतं, पाणी ठरल्या खुणेला पोचलं की धरणाची दारं उघडायची. त्या दिवशी अमावास्या आहे की पुनव, याचा एक शब्द नाही. अमावास्या-पुनवेला खाडीला उधाण. वरून धरणाचं पाणी, खालून समुद्र; मधे आमचा बांध. तो गेला की शेतात खारं पाणी, आणि मग दोन-तीन पावसाळे भाताचं नाव घ्यायचं नाही. आमच्या घरी दुसरं उत्पन्न नाही.

मी म्हटलं, "लिवा, उधाणाला दारं उघडायची नायत."

साहेब म्हणाले, "आक्का, हे वाक्य अर्धं आहे."

"आमचं पाणी आम्हाला शिकवू नका." मी तोंड सोडलं. त्यांनी मी सांगितलं तेवढंच लिहिलं, एक अक्षर स्वतःचं घातलं नाही. सहीच्या वेळी गावच्या शाळेतले मास्तर अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे करायला लागले. साहेबांनी तो बाजूला सारला आणि माझं नाव माझ्या हातानं पुरं होईपर्यंत थांबले. बराच वेळ लागला.

सुनावणीला हॉल भरलेला. आमचा कागद वाचला गेला आणि मंचावरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "उधाण चालू आहे आणि धरण काठोकाठ भरलं, मग काय करायचं? धरण फुटू द्यायचं?"

वाक्य अर्धं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. धाटावच्या कारखान्यांत कामाला जाणारे लोक पलीकडे बसले होते. त्यातला एक उठला, "आणि आधीच रिकामं करून ठेवलंत तर उन्हाळ्यात कंपनीला पाणी कुठून? शिफ्ट बंद पडली तर आमच्या घरी कोण जेवण घालणार, तुम्ही?"

"तू भात कुठला खातोस रं?" आमच्यातली एक ओरडली. खुर्च्या सरकल्या. आता हाणामारी होते आणि सुनावणी गुंडाळली जाते असं वाटलं. अधिकारी घड्याळ बघायला लागले.

साहेबांकडे उत्तर होतं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. उठून बोलले असते तर टाळ्याही मिळाल्या असत्या. ते उठले नाहीत. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "भांगाला शेतात काय करता, तेवढंच सांगा."

मी उभी राहिले. "साहेब, अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर कमी, त्याला आम्ही भांग म्हणतो. बांधाला पाणी काढायचं दार असतं, ती उघाडी. भांगात ओहोटीला उघाडी उघडतो, शेतातलं पाणी काढून जागा करतो. उधाणाला बंद. तुमचं धरण म्हणजे मोठं शेतच की. पावसाळ्यात भांगात थोडं थोडं सोडा, उधाणात पडणाऱ्या पावसाला जागा राहील."

"थोडं म्हणजे किती?" धाटाववाल्यानं विचारलं.

"ते ह्या शिकलेल्यांनी काढायचं. आपण मागायचं. तूपण माग."

अधिकारी म्हणाले, "लेखी द्या. दहा मिनिटं आहेत." साहेब तिथेच जमिनीवर बसले. अक्षर मुंगीच्या रांगेसारखं, घाईतही सरळ. खाली आमच्या सह्या पडल्या आणि शेवटी त्या धाटाववाल्याचीही. कागद वेळेत पोचला. साहेबांना उठवायला मात्र दोघे लागले.

नंतर रोह्याला त्यांच्या घरी गेले. वहिनी म्हणाल्या, "या आक्का. तुमचं गाव माझ्या पलंगावर झोपतं, आम्ही दोघं खाली." साहेब हसले, नकाशा काही उचलला नाही. वहिनींनी हे सगळं सोसलं, त्यांचाही सत्कार करा. नुसती ओटी भरून भागवू नका.

आराखडा अजून छापून आलेला नाही. आमचं वाक्य त्यात आहे की गाळलं, ठाऊक नाही. विचारायला गेलं की "विचाराधीन" म्हणतात. पावसाळा तोंडावर आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात उधाणं लाल करून ठेवली आहेत आणि बांधाला चिखल लावते आहे.

साहेब, तुम्हाला शंभर वर्षं मिळोत, हे सगळेच लिहितील. माझं मागणं तुमच्या गुडघ्यांसाठी आहे. ते धड राहोत. वाक्य गाळलेलं निघालं, तर पुन्हा जमिनीवर बसायचं आहे. या खेपेला तुम्ही सांगाल ते पहिल्याच वेळी ऐकेन.