स्पेनचा पाळणा

लेकीच्या बाळंतपणाला मी आयर्लंडला आले, तेव्हा तिची पदवीची एक परीक्षा राहिली होती. दिवस भरत आले म्हणून तिने ती पुढे ढकलून घेतली होती. परीक्षा तोंडी. स्पेन देशात पहिल्यापासून आजपर्यंत कोणी काय लिहिलं, ते त्यांच्याच भाषेत सांगायचं. ही भाषा ती पुण्यात क्लास लावून शिकली आणि तिच्या जोरावर इथे स्वोर्ड्स गावातल्या एका ऑफिसात लागली. दिवसभर कानाला फोन लावून स्पेनच्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. पदवी मिळाली तर एका भाषावर्गात अर्धा दिवस शिकवायचं काम तिला मिळणार होतं. तेवढा वेळ जावई घरून काम करत बाळाकडे बघणार होते. नाही मिळाली तर रजा संपली की परत ऑफिस आणि बाळ पाळणाघरात.

माझी नात पाळण्याशिवाय झोपत नसे. बारशाला म्हणतात तो, पहिल्या दिवशी हे झालं, दुसऱ्या दिवशी ते झालं, असा. आधी मीच म्हणायचे. एकदा दुपारी भांडी घासताना ऐकते तर लेक त्याच चालीवर भलतंच काही म्हणत होती.

"हे गं काय?"

"अभ्यास, आई. पुस्तक धरायला हात मोकळा नाही, मग काय करू?"

मग ती मला मराठीत अर्थ सांगायची. पहिल्या दिवशी गावोगाव फिरून सरदारांच्या लढायांची गाणी म्हणणारे आले. म्हणजे आपले शाहीरच, असं मी म्हटलं तर हसली. दुसऱ्या दिवशी सोन्याचं शतक, घरांच्या मधल्या चौकात नाटकं, मालक बदलत पोट भरणाऱ्या लबाड पोरांच्या गोष्टी. मग सगळं नियमात मोजून लिहिणारे. मग वादळं, थडगी आणि तरुणपणीच मेलेली माणसं. मग घरातली भांडणं न् गावचे पाद्री जसेच्या तसे लिहिणारे. सहाव्या दिवशी समुद्रापलीकडची बेटं हातची गेल्यावर 'आता आपण कोण' म्हणत बसलेले. सातव्या दिवशी एकमेकांचे मित्र असलेले कवी. त्यांच्या देशात भाऊबंदांतच लढाई झाली. एकाला गोळी घातली, बाकीचे परदेशी गेले. ते कडवं आलं की मी बाळावरची शाल उगाच सारखी करायचे.

"लेखकांची नावं कुठायत यात?" जावयांनी विचारलं.

"चालीत बसत नाहीत. ती वेगळी पाठ आहेत."

"आई, ही पोरगी पहिला शब्द स्पॅनिशमध्ये बोलणार बघा. तुम्हाला आजी म्हणायचीच नाही."

"तुम्हाला तरी बाबा कुठे म्हणणारे?" मी म्हटलं, आणि जावयांशी असं बोलले म्हणून माझी मलाच लाज वाटली.

परीक्षा कॉम्प्युटरवर, घरातूनच झाली. पडद्यावर दोन मास्तर. मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसले होते. भिंती पातळ, सगळं ऐकू येतं. आधी लेक छान बोलत होती. न अडता, जशी घरी म्हणायची तशी. मग मास्तरांनी तिला थांबवून काहीतरी विचारलं. नंतर हळूच चाल ऐकू आली, ओठांतल्या ओठांत. पहिल्या दिवसापासून. मला कळलं की त्यांनी मधलंच काहीतरी विचारलंय आणि तिला तिथे थेट जाता येत नाहीये. मास्तर परत बोलले, चाल तुटली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

ती चाल ऐकून बाळ जागं झालं आणि आईसाठी रडायला लागलं. तोंडावर हात तर ठेवता येत नाही. मी तिला शालीत गुंडाळलं, मागच्या दाराने बाहेर पडले आणि स्टेशनच्या रस्त्याने फिरत राहिले. बारीक पाऊस होता. एका बाईने थांबून मला काही विचारलं. मला तिची भाषा येत नव्हती, मी नुसती मान हलवली. बाळ भुकेलं होतं आणि माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं.

परत आले तेव्हा कॉम्प्युटर बंद होता. लेकीने बाळाला पदराखाली घेतलं.

"सगळं येत होतं गं, आई. पहिल्यापासून म्हणू दिलं असतं तर सगळं म्हटलं असतं. ते म्हणाले, सहावे आणि सातवे यांच्यात फरक काय ते सांग. फरक मी कधी म्हटलाच नव्हता."

मी चहा ठेवला. पुढे नापास झाल्याचं कळलं. एकदा पुढे ढकललेली, म्हणून पुन्हा बसता येणार नव्हतं. बाळाकडे बघायला मी राहते म्हटलं, तर जावई समजावून बोलले, "आई, तुमचा व्हिसाच संपतोय."

पाळणाघराच्या पहिल्या दिवशी मीही गेले. दारातल्या बाईने हसून बाळाला घेतलं. "ग्रँड, ग्रँड," म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत सगळं छान. आत यायचं नाही, असा तिथला नियम. लेकीची स्वोर्ड्सकडे जायची बस होती, ती मागे न बघता चालू लागली. मी खिडकीबाहेर उभी राहिले. आतून रडणं येत होतं. ते माझ्या नातीचंच आहे, हे मला कळत होतं. मग ते थांबलं. कोणी उचलून घेतलं, की रडून रडून दमली, ते बाहेरून दिसत नव्हतं.